एकट्या कार्डावर भरवसा नसलेला माणूस

खंडोजी अण्णांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या त्या कंपनीत माझा पहिला दिवस होता. बाहेर माणसं घामाने निथळत होती आणि सर्व्हर रूमच्या दारात स्वेटर आणि कानटोपी घातलेला एक किरकोळ माणूस हात मागे बांधून उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"सकाळी तू उठतोस कशावर?"

"गादीवर," मी म्हणालो.

"तसं नव्हे की. काय मिळालं म्हणजे उठतोस?"

"चहा."

"आणि चहा नाही मिळाला तर?"

"मग बायको हाक मारते."

कानटोपीतले डोळे चमकले. "म्हणजे दोन आहेत! सरी, ठीक. बरा आहेस." मग एकदम संशय आल्यासारखं मान तिरकी करून, "चहा करतं कोण?"

"बायकोच."

"अय्यो! मग ते एकच झालं!" आणि माझ्याविषयीची सगळी आशा सोडून ते आत निघून गेले. काचेचं दार बंद झालं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका अनोळखी माणसाच्या परीक्षेत नापास झालो होतो आणि परीक्षा कसली होती हेही मला कळलं नव्हतं.

ती कसली होती ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. घाबरू नका, मीही नागपूरचा साधा माणूस आहे, मला जेवढं समजलं तेवढंच सांगणार. मोठ्या कंपन्यांमध्ये एकेक धिप्पाड सर्व्हर असतो आणि त्याच्या पोटात पंधरा-वीस खोटी-खोटी यंत्रं भाड्याने राहिल्यासारखी राहतात. एकात पगाराचा हिशेब, दुसऱ्यात ईमेल, तिसऱ्यात आणखी काही. या भाडेकरूंना सांभाळणारा घरमालक म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. सर्व्हर चालू केला की आधी हा मालक जागा होतो, मग तो भाडेकरूंना उठवतो. आता गंमत अशी की हा मालक इतका छोटा असतो की नखाएवढ्या मेमरी कार्डावरही मावतो. त्यामुळे हत्तीएवढा सर्व्हर घ्यायचा, त्याच्यावर पैसा ओतायचा आणि घरमालकाला झोपवायचं कुठे, तर मोबाइलमध्ये घालतात तसल्या कार्डावर किंवा एखाद्या पेनड्राइव्हवर, अशी तेव्हा रीतच होती.

अण्णांचा सगळा जन्म या एका रीतीविरुद्ध भांडण्यात गेला. कुणी नव्या सर्व्हरचं कौतुक करायला लागला, त्याचा वेग, त्याची ताकद वगैरे, की अण्णा डोळे मिटून ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते सगळं असू दे. उठतो कशावर?"

अण्णा बसवनगुडीचे. त्यांचं घराणं कधीकाळी कुठल्यातरी लष्कराबरोबर इकडे आलं आणि परत जायचं विसरलं. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटायचं की आपल्याच आजीचा पदर कुणीतरी कन्नड इस्त्रीवाल्याकडून इस्त्री करून आणलाय. मी 'करून राहिलो' म्हटलं की ते खो-खो हसायचे आणि ते 'स्वल्प थांब' म्हणाले की मी हसायचो. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "ए नागपूर!" एवढंच. लग्न केलं नव्हतं. घरी थोरली बहीण होती, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का म्हणायचो.

त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अक्का धोतरावर सांडगे वाळत घालत होत्या आणि त्या सांडग्यांच्या कडेने, त्याच धोतरावर, ओळीने काळ्या-हिरव्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या ठेवलेल्या होत्या.

"हे काय अण्णा?"

"एसएसडी. कार्डाऐवजी मालकाला यांच्यावर झोपवायचं. उन्हात ठेवून बघतोय. सर्व्हरच्या पोटात याहून जास्त तापतं."

"आणि कावळ्याने नेली तर कंपनीला काय सांगशील?" अक्का म्हणाल्या. "कावळ्याच्या घरट्यातून कंपनी चालवा म्हणावं."

"कावळ्याने एक नेली तरी दुसरी आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर दोन आणल्या."

हे दोन-दोनचं त्यांचं वेड मात्र मोठं शास्त्रशुद्ध होतं. सर्व्हरने उठायचं ते एकट्या कार्डावर कधीच नाही. दोन छोट्या एसएसडी हव्यात, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. अशी जोडी, की एक गेली तर दुसरी उठवेल. त्यातही अशी घ्यायची की वीज गेली तरी हातातलं काम पुरं करून मगच डोळे मिटेल. आणि जोडी एका लॉटमधली नको. "एका दिवशी, एका कारखान्यात जन्मलेली, सारखंच काम केलेली. जातात पण बरोबर," ते म्हणायचे. म्हणून एक या दुकानातून, दुसरी त्या दुकानातून, कधी वेगळ्या कंपनीची.

इथे शेषगिरीचा प्रवेश.

शेषगिरी आमचा खरेदी विभागाचा प्रमुख. यशवंतपूरला राहायचा, अंगाने भरभक्कम, आवाज घाऊक बाजारात कमावलेला. एकाच वस्तूचे दोन नग दोन दुकानांतून घ्यायचे हे ऐकून त्याला रीतसर चक्कर यायची.

"अण्णा, तुम्ही चपला घेताना डावी एका दुकानातून आणि उजवी दुसऱ्या दुकानातून घेता का?"

"चपलेने मला सकाळी उठवायचं नसतं शेषगिरी."

"कार्ड चालतंय की नाही? चालतंय ना? मग साकु! पुरे!"

"चालतंय," अण्णा म्हणायचे, "पण उठेल का?"

या वाक्यात एक भयंकर सत्य होतं आणि ते आम्हाला एका आयुधपूजेला कळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बेंगळुरूत सगळ्या यंत्रांची पूजा होते. रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना झेंडू, हळद, कुंकू. आमच्या सर्व्हरनाही. प्रत्येकाच्या कपाळाला, म्हणजे जिथे दिवा लुकलुकतो तिथे, अण्णा स्वतः गंध लावायचे. दारात कोहळा फुटायचा, चुरमुरे वाटले जायचे. आणि मग, ऑफिसला सुट्टी लागलेली असताना, अण्णा एकेका सर्व्हरला बंद करून परत चालू करायचे. याला ते 'उठाबशा' म्हणत. आम्ही काचेच्या बाहेर चुरमुरे खात तमाशा बघायचो.

त्या वर्षी पगाराचा सर्व्हर खाली बसला तो बसला. काही केल्या उठेना. पडद्यावर एकच वाक्य, की उठण्यासाठी काही सापडत नाही.

"अहो पण सकाळपर्यंत उत्तम चालत होता!" शेषगिरी ओरडला. "तुम्हीच कुंकू लावून लावून बिघडवलात!"

अण्णांनी झाकण उघडलं आणि आतून एक पेनड्राइव्ह चिमटीत धरून बाहेर काढला. त्याच्यावर कुठल्याशा फर्निचरच्या प्रदर्शनाचं नाव छापलेलं होतं. कुणीतरी फुकट मिळालेला पेनड्राइव्ह खुपसून दिला होता आणि वर रोजच्या नोंदी लिहायलाही तोच दिला होता. लिहून-लिहून बिचारा कधीच मेला होता. पण घरमालक एकदा जागा झाला की सर्व्हरच्या मेमरीत राहायला जातो, त्याला कार्डाची गरजच उरत नाही. कार्ड मेलं तरी सर्व्हर महिनोन्‌महिने हसत-खेळत चालतो. कुणाला पत्ता लागत नाही. लागतो तो खाली बसवल्यावर.

"बघ नागपूर," अण्णा म्हणाले, "चालणारं माणसाला फसवतं. बसवून उठवल्याशिवाय काही कळत नाही."

त्या दिवशी पेनड्राइव्ह कुणी आणला होता हे अण्णांनी विचारलं नाही. शेषगिरीचा चेहरा मात्र कुंकवासारखा झाला होता. त्यानंतर त्याने एसएसडी घेतल्या, पण रागाने सगळ्या एका लॉटमधल्या घेतल्या. त्यातली एक जोडी पुढच्या वर्षी एकाच आठवड्यात हातात हात घालून गेली. अण्णा नुसते खरेदी विभागाच्या दाराशी गेले, कानटोपी काढली, छातीशी धरली, घटकाभर उभे राहिले आणि परत आले. तेव्हापासून शेषगिरी त्यांच्याशी फक्त ईमेलवर बोलायला लागला. दोघांची टेबलं हाकेच्या अंतरावर होती.

आता तिथे काही उरलं नाही. सगळं काम कुठल्या कुठे दूरच्या यंत्रांवर गेलं, सर्व्हर रूमची मीटिंग रूम झाली. तिथे बसलं की मला अजून थंडी वाजल्यासारखं वाटतं आणि कुणी मोठमोठे आराखडे मांडायला लागला की विचारावंसं वाटतं, ते असू दे, उठतो कशावर?

पण मी सांगत होतो ते वेगळंच. सर्व्हर रूमच्या शेवटच्या दिवसांत, अक्का जाऊन वर्ष होत आलं असताना, अण्णांना धाप लागायला लागली. जिना चढताना थांबायचे आणि भिंतीवरची जुनी नोटीस वाचल्याचं नाटक करायचे. मी ओढून डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप बदलावी लागेल, म्हणाले. लवकर केलं तर माणूस ठणठणीत, नाही केलं तर शब्द देता येत नाही.

अण्णांनी दसऱ्यानंतर बघू म्हटलं. दसऱ्यानंतर दिवाळी आली. दिवाळीनंतर म्हणे सर्व्हर हलवायचे आहेत, मी नसलो तर कसं होईल. मी वैतागलो.

"अण्णा, झडप खराब आहे!"

"चालतंय ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. स्वतःच्या तोंडून काय निघून गेलं ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी कानटोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"हे शेषगिरीने म्हणायचं वाक्य आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," टोपीच्या आतून आवाज आला. "चल. कुठे सही करायची ते सांग."

दवाखान्यात त्यांना समजावून सांगायला भुलीच्या डॉक्टर आल्या. डॉक्टर केतकी, पुण्याच्या, तरुण, चटपटीत. कुणी मराठी बोलणारा पेशंट मिळाल्याचा त्यांना आनंद झाला होता. तो फार टिकला नाही.

"काका, काही घाबरायचं नाही. आम्ही थोडा वेळ हार्ट थांबवणार, झडप बदलणार आणि परत सुरू करणार."

अण्णा उठून बसले. "थांबवणार? मुद्दाम?"

"हो, मशीन तेवढा वेळ काम करतं."

"आणि वीज गेली तर?"

"जनरेटर आहे ना काका."

"तो गेला तर?"

"दुसरा आहे."

"दोन्ही एकाच कंपनीचे?"

डॉक्टर केतकींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. "ते मला माहीत नाही काका," त्या म्हणाल्या.

"मग विचारून ये बघू, बाळ."

आणि विश्वास ठेवा, त्या खरंच गेल्या! भुलीची डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, तळघरातल्या जनरेटरची जात विचारायला गेली. परत आल्या तेव्हा थोड्या धापा टाकत होत्या. "वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. मी स्वतः बघितले."

"सरी," अण्णा समाधानाने आडवे झाले. "मग करून टाका."

"एकच विचारायचं राहिलं," डॉक्टर म्हणाल्या. "जागे व्हाल तेव्हा समोर घरचं कुणी असलेलं बरं. कोण असेल?"

ज्या माणसाला जनरेटरपर्यंतचे सगळे प्रश्न सुचले होते तो चादरीची सुरकुती बोटाने सरळ करत राहिला. डॉक्टर समजूतदार होत्या. "सावकाश सांगा," म्हणून त्या गेल्या.

खाली गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

"अक्का रोज दारावर लाटणं आपटायची," अण्णा म्हणाले. "'खंडू, उठलास का?' मी 'हूं' म्हणेपर्यंत आपटायची. लहानपणापासून. ती गेली आणि मी दोन घड्याळं आणली, गजराची. वेगवेगळ्या कंपनीची, उगीच धोका नको म्हणून. दोन्ही वेळेवर वाजतात, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पण मी उठलो की नाही, याचं त्यांना काही नाही रे."

"अण्णा, मी आहे ना," मी म्हणालो.

"तू एकटा?" अण्णा एकदम भानावर आले. त्यांच्यातला जुना अण्णा टणकन जागा झाला. "एकटा नको. शेषगिरीला पण सांग."

"शेषगिरी? तो तुमच्याशी बोलत तरी आहे का?"

"म्हणूनच. तुझ्यासारखाच दुसरा घेऊन काय उपयोग? काही झालं तर तू रडत बसशील. तो भांडेल. एका लॉटमधले नाही तुम्ही."

मी शेषगिरीला फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मला निवडलं? अण्णांनी?" आणि लगेच खाकरून, खरेदी विभागाच्या आवाजात, "किती वाजता यायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. अण्णांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. मी गप्प बसून डोळे पुसत होतो आणि शेषगिरी कॅन्टीनवाल्याशी, लिफ्टवाल्याशी, आणि 'कळवू' म्हणणाऱ्या प्रत्येक नर्सशी भांडत होता. दुपारी डॉक्टर केतकी बाहेर आल्या. हृदय पहिल्याच प्रयत्नात चालू झालं म्हणाल्या. शेषगिरी त्यांच्याशी मात्र भांडला नाही. खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ पार्किंग बघत राहिला. संध्याकाळी अण्णांनी डोळे उघडले तेव्हा आम्ही दोघं समोर होतो, एकाला एक खेटून.

घरी आल्यावर अण्णांनी फर्मान काढलं. मी आणि शेषगिरीने रोज सकाळी फोन करायचा. दोघांनी, पण एका वेळी नाही. मी आधी, शेषगिरी अर्ध्या तासाने. "डॉक्टरांनीच सांगितलंय," ते नजरेला नजर न देता म्हणाले. आणि दोघांकडे एकाच कंपनीचं सिमकार्ड आहे हे कळल्यावर त्यांनी मला माझं बदलायला लावलं. हसू नका. बदललं मी.

महिना असाच गेला. मी विचारायचो, "उठलात का अण्णा?" ते "हूं" म्हणायचे. शेषगिरीला असलं काही विचारायची लाज वाटायची, म्हणून तो कुठल्यातरी जुन्या खरेदीचा भाव विचारायचं निमित्त करायचा.

मग एका सकाळी, मी ऑफिसला निघायच्या बेतात असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे शेषगिरी, आणि चक्क कुजबुजत होता. त्याला कुजबुजता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"बायकोच्या फोनवरून बोलतोय. माझा फोन सकाळी बादलीत पडला."

"मग? कुजबुजतोयस कशाला?"

"अण्णा इथे आलेत."

"इथे म्हणजे?"

"यशवंतपूरला! माझ्या घरी! माझा फोन गेला नाही, त्यांनी केला तर लागेना, म्हणून रिक्षा करून आले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना चढून आले. दार उघडलं तर समोर उभे. छातीवर हात, बोलता येत नाही. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, 'आहेस की! काही नाही, गांधीबाजारला भाजी आणायला निघालो होतो, म्हटलं वाटेत डोकावावं.'"

ज्यांना बेंगळुरू ठाऊक नाही त्यांना सांगतो, बसवनगुडीतून गांधीबाजारला चालत जाता येतं. वाटेत यशवंतपूर लागत नाही. वाटेत यशवंतपूर लागायला आधी सगळं शहर ओलांडावं लागतं.

"डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलीय!" मी ओरडलो. "दे त्यांना फोन, मी बोलतो."

"हळू," शेषगिरी म्हणाला. "धाप थांबली आता. बायकोने उप्पीट दिलं, कॉफी दिली. खाऊन सोफ्यावर बसल्या बसल्या झोपले. तोंड उघडं आहे. ऑफिसला जायची वेळ झाली. उठवू का?"

"नको," मी म्हणालो. "झोपू दे."

"सरी," शेषगिरी म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. शेषगिरीने बायकोला दबक्या आवाजात गॅस बंद करायला सांगितलं, मग अण्णांचं घोरणं स्पष्ट ऐकू यायला लागलं.